प्रार्थनेत आधी स्तुती, मग मागणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरसभेत, उपास-प्रार्थनेनंतर चहा घेताना, संडे स्कूलच्या शिक्षकांच्या बैठकीत हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही जण नुकतेच प्रार्थना करायला लागलेले असतात. काही जण वर्षानुवर्षं करत आलेले असतात, पण आपली प्रार्थना म्हणजे नुसती यादी झाली आहे असं त्यांना वाटत असतं. दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून ही उत्तरं एकत्र दिली आहेत.

मागण्याआधी स्तुती करावी, असं बायबलमध्ये कुठे सांगितलं आहे?

"स्तुती केल्याशिवाय मागू नका" अशी आज्ञा बायबलमध्ये नाही. हे आधीच सांगायला हवं, कारण आपल्याला नीट स्तुती करता येत नाही या भीतीने कितीतरी जण प्रार्थनाच टाळतात. आज्ञा नसली, तरी कित्ता मात्र आहे.

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना (मत्तय 6:9-13) सुरू होते ती "हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो" या शब्दांनी. पुढे त्याचं राज्य येतं, मग त्याची इच्छा. रोजची भाकर येते चौथ्या क्रमांकावर, आणि क्षमा व परीक्षा त्याहीनंतर. बारकाईने पाहिलं तर पहिली तिन्ही वाक्यंही मागणीच आहेत. पण ती आपल्यासाठी काही मागत नाहीत, देवाचा मान आणि देवाचं काम मागतात. आपलं पोट त्या प्रार्थनेत आहेच, फक्त ते रांगेत मागे उभं आहे.

ही रीत येशूच्या आधीपासून यहुदी लोकांत होती. उपकारस्मरण करीत त्याच्या द्वारांत आणि स्तवन करीत त्याच्या अंगणांत या, असं 100 वं स्तोत्र मंदिरात येणाऱ्यांना सांगतं. यहुदी लोक आजही रोज उभं राहून 'अमीदा' ही प्रार्थना म्हणतात. तिच्या सुरुवातीचे तीन भाग स्तुतीचे, शेवटचे तीन उपकारांचे आणि मागण्या मध्ये. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने प्रार्थनेवर लिहिताना क्रमच सांगून ठेवला आहे: आधी देवाचं गौरव, मग उपकार, मग पापांची कबुली, मग विनंती आणि शेवटी पुन्हा गौरव.

साहेबाकडे अर्ज नेताना आधी दोन गोड शब्द बोलावेत, तसाच हा प्रकार नाही का?

प्रश्न रास्त आहे. साहेबाला खूश करावं लागतं, कारण त्याचं मन आपल्या बाजूला नसतं आणि आपलं काम काय आहे हे त्याला माहीत नसतं. येशू नेमक्या या दोन्ही गोष्टी काढून टाकतो. प्रभूची प्रार्थना शिकवण्याच्या आदल्याच वाक्यात तो म्हणतो, की तुमच्या गरजा तुमचा पिता तुम्ही मागण्याआधीच जाणून आहे, तेव्हा निरर्थक बडबड करू नका. ज्याला सगळं आधीच ठाऊक आहे आणि जो बाप आहे, त्याला फुलवून काय मिळवायचं?

स्तुतीची गरज देवाला नाही, मागणाऱ्याला आहे. घाबरलेल्या माणसाला आपलं संकट सगळ्यात मोठं दिसतं. तो प्रार्थनेला बसतो तेव्हाही त्याच्या डोळ्यांपुढे संकटच असतं, आणि मग प्रार्थना म्हणजे डोळे मिटून केलेली काळजी होते. आपण कोणाशी बोलतो आहोत हे आधी तोंडाने म्हटलं, की नजर हलते.

त्याने प्रत्यक्षात फरक काय पडतो?

मागणीच बदलते. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण प्रेषितांची कृत्ये, चौथ्या अध्यायात आहे.

पेत्र आणि योहान यांना यरुशलेमेत अटक झाली होती. यहुदी पुढाऱ्यांच्या सन्हेद्रिन सभेने त्यांना धमकावून सोडलं: येशूच्या नावाने पुन्हा बोलायचं नाही. ते परत आले, घडलेलं सगळं मंडळीला सांगितलं आणि सगळे मिळून प्रार्थनेला लागले. त्या प्रार्थनेतलं पहिलं वाक्य धमकीबद्दल नाही. आकाश, पृथ्वी, समुद्र आणि त्यांतलं सगळं ज्याने निर्माण केलं, त्या प्रभूला ते हाक मारतात. मग दुसऱ्या स्तोत्रातले शब्द घेतात: राष्ट्रं का खवळली, पृथ्वीवरचे राजे का एकत्र आले? मग हेरोद आणि पंतय पिलात यांची नावं घेऊन म्हणतात, की येशूविरुद्ध ते एकत्र आले तरी झालं तेच, जे देवाने आधी ठरवलं होतं. इतकं सगळं म्हणून झाल्यावर 29 व्या वचनात धमकी येते.

आणि मागतात काय? धमकी टळू दे, असं नाही. त्या सभेचं तोंड बंद कर, असंही नाही. आम्हाला धैर्याने तुझं वचन बोलू दे, एवढंच. आणि त्यासोबत देवाने आपला हात लांब करून लोकांना बरं करावं. प्रार्थनेचं पहिलंच वाक्य "प्रभू, आम्हाला धमकी दिली आहे" असं असतं, तर पुढची मागणी संरक्षणाची झाली असती. राजे आणि अधिकारी देवाच्या हाताखाली आहेत हे आधी म्हणून झाल्यामुळे संरक्षण मागायची निकडच उरली नाही. स्तुती आधी का, याचं मला पटलेलं उत्तर हेच आहे.

स्तुती आणि उपकारस्तुती एकच ना?

जवळजवळ आहेत, पण एक नव्हेत. देवाने जे केलं त्याबद्दल उपकार मानायचे, आणि देव जसा आहे तशी स्तुती करायची. "बाबांचा ताप उतरला, प्रभू, तुझे आभार" ही उपकारस्तुती. "तू आजाऱ्याच्या जवळ बसणारा देव आहेस" ही स्तुती. ताप उतरला नाही तरी दुसरं वाक्य म्हणता येतं, म्हणून त्याला वेगळी जागा द्यावी. एकातून दुसऱ्यात सहज गेलात तर मात्र थांबून वर्गवारी करत बसू नका. 103 व्या स्तोत्रातही दोन्ही मिसळलेल्या आहेत.

"प्रभू, तू महान आहेस, तू चांगला आहेस" याच्या पुढे शब्दच सुचत नाहीत. काय म्हणायचं?

बहुतेकांची अडचण हीच असते. मोठी विशेषणं लवकर संपतात आणि मग तीच तीच फिरून येतात. यावर मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट अशी: तुम्हाला जे मागायचं आहे ते मनात धरा, आणि ती मागणी देवाच्या कोणत्या गुणावर टेकली आहे ते शोधा. स्तुती त्या गुणाची करा.

समजा, एका घरात नवऱ्याचं कंत्राट संपलं आहे आणि भाडं थकलं आहे. बायको रात्री भांडी आवरून प्रार्थनेला बसते. "तू राजांचा राजा आहेस" हे खरं असलं तरी तिच्या गळ्यातून ते उतरत नाही. तिने अरण्यातल्या मान्न्यापासून सुरुवात केली तर? "प्रभू, तू तुझ्या लोकांना 40 वर्षं अरण्यात खाऊ घातलंस. रोज सकाळी त्या दिवसापुरतं दिलंस. साठवलेलं नासलं, पण कोणी उपाशी राहिलं नाही. तू रोजचं रोज देणारा देव आहेस." ही स्तुती आहे आणि तिच्यात एकही अवघड शब्द नाही. यानंतर ती मागेल तेव्हा "सगळं कर्ज एकदम फिटू दे" याऐवजी बहुधा "या महिन्याचं भागव, आणि उद्या घरमालकाशी खरं बोलायला मला धीर दे" असं मागेल. देवाची आठवण नेमकी असली, की मागणीही नेमकी होते.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री 139 वं स्तोत्र हाताशी ठेवा. आईच्या उदरात माझी घडण करणारा तू आहेस, असं त्यात म्हटलं आहे. ज्याने हे शरीर घडवलं त्याच्याच हाती ते देतो आहोत, ही स्तुती पुरेशी आहे. अन्याय झाला असेल तर देव न्यायी आहे इथून सुरू करा. स्वतःच्या पापाने खचला असाल तर त्याच्या क्षमेपासून.

शब्द उसने घ्यायला लाजू नका. स्तोत्रसंहितेतली 150 स्तोत्रं त्यासाठीच आहेत. 136 व्या स्तोत्राच्या 26 वचनांपैकी प्रत्येकाचा शेवट "त्याची दया सनातन आहे" असा होतो. पुढारी अर्धी ओळ म्हणतो आणि बाकीचे ते धृपद म्हणतात, असं ते घरीही म्हणता येतं.

मन जड असेल, देवावर रागच आला असेल, तरी आधी स्तुतीच करायची का?

नाही. इथे मला ठाम बोलायचं आहे, कारण या एका गोष्टीने दुखावलेली माणसं मंडळीत पुष्कळ असतात. मूल गेलेल्या आईला "आधी प्रभूची स्तुती कर" असं सांगणं बायबलला धरून नाही.

13 वं स्तोत्र बघा. सहा वचनांचं आहे. दाविदाचं पहिलंच वाक्य, "हे परमेश्वरा, तू मला कोठवर विसरणार?" पहिल्या दोनच वचनांत तो "कोठवर" हे चार वेळा विचारतो. नंतरच्या दोन वचनांत विनंती येते आणि देवाच्या दयेवरचा भरवसा व गाणं अगदी शेवटी. इथे क्रम पार उलटा आहे, आणि तरीही हे स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे. 22 वं स्तोत्र "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असं सुरू होतं, आणि वधस्तंभावर येशूने तेच शब्द उच्चारले. 88 व्या स्तोत्रात तर शेवटीही उजाडत नाही, ते अंधारातच संपतं. पण त्याच्या पहिल्या ओळीत एक गोष्ट आहे: रडणारा माणूस देवाला आपला उद्धार करणारा देव म्हणून हाक मारतो. त्याच्याकडे स्तुती म्हणून तेवढीच आहे. तीही पुरते.

विलापातही माणूस देवाकडे तोंड करून बोलत असतो. ज्याच्याकडे दाद मागता येते असा देव आहे, एवढं त्यात गृहीत असतंच. म्हणून रडत असाल तर रडूनच सुरुवात करा. स्तुती नंतर येईल. आज आली नाही तर मंडळीतल्या दुसऱ्या कोणाला तुमच्यासाठी करू द्या.

घाईच्या वेळी? अपघात झाला, फोन आला, तर?

हाक मारा. पाण्यात बुडताना पेत्र "प्रभू, मला वाचवा" एवढंच म्हणाला, आणि येशूने लगेच हात पुढे केला. बहीण मिर्याम हिला कोड उठलं तेव्हा मोशेची प्रार्थना एका ओळीची होती: देवा, तिला बरं कर.

पारसाच्या राजाचा प्यालेबरदार असलेल्या यहुदी नहेम्याकडे दोन्ही प्रकार सापडतात. यरुशलेमेचा तट पडल्याचं ऐकून तो किसलेव महिन्यात प्रार्थनेला बसतो. त्या प्रार्थनेत आधी देवाची थोरवी, मग कबुली, मग देवाच्या वचनांची आठवण आणि मागणी अगदी शेवटी, एका वाक्यात. पुढे नीसान महिन्यात राजा त्याला एकदम विचारतो, "तुझी मागणी काय?" तेव्हा उत्तर देण्याआधी तो मनातल्या मनात प्रार्थना करतो. तिचे शब्दही नोंदलेले नाहीत. ज्याने आधी काही महिने बसून प्रार्थना केली होती, त्याला त्या क्षणी लांब प्रस्तावनेची गरज पडली नाही.

थोडा अवधी असेल, पण मन ठिकाणावर नसेल, तर गेथशेमाने बागेतली येशूची प्रार्थना (मार्क 14:36) पुढे ठेवा. "अब्बा, बापा, तुला सर्वकाही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे." आधी बापाला हाक, मग चार शब्दांची स्तुती, मग लपवाछपवी न करता केलेली मागणी आणि शेवटी स्वतःला त्याच्या हवाली करणं. मरणाच्या दारात, घामाघूम झालेल्या येशूनेही क्रम सोडला नाही, आणि लांबणही लावली नाही.

पापांची कबुली आधी, की स्तुती आधी?

दोन्ही रिती चालत आल्या आहेत. अनेक मंडळ्यांत स्तुती, कबुली, उपकार, विनंती असा चार टप्प्यांचा क्रम शिकवतात आणि नवशिक्याला तो सोयीचा पडतो. स्तुती आधी ठेवण्यामागचं कारण यशया सहाव्या अध्यायात दिसतं: "पवित्र, पवित्र, पवित्र" हा घोष कानी पडल्यावरच यशयाला आपले ओठ अशुद्ध असल्याचं उमगलं. पण मनात एखादी गोष्ट खुपत असेल तर ती आधी बोलून टाका.

स्तुती चुकीचीही होऊ शकते का?

हो. लूक 18 मधला परूशी आठवा. मंदिरात उभा राहून तो आभारानेच सुरुवात करतो, "हे देवा, मी तुझे आभार मानतो", आणि पुढे आपण इतरांसारखे नाही हे सांगत सुटतो. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशमांश, सगळं येतं. त्याच्या वाक्याची सुरुवात देवापासून होते, पण तो बोलतो स्वतःबद्दल. दूर उभा असलेला जकातदार स्तुतीचा एकही शब्द न बोलता "हे देवा, मज पाप्यावर दया कर" म्हणतो, आणि नीतिमान ठरून घरी तोच जातो.

चारचौघांत प्रार्थना करणाऱ्यांनी हे विशेष जपावं. स्तुती ऐकणाऱ्या माणसांसाठी व्हायला लागली, की वाक्यं लांबतात आणि आवाज चढतो.

स्तुती केली की मागितलेलं मिळतं, असं म्हणतात. खरं आहे का?

याला आधार म्हणून यहोशाफाट राजाची गोष्ट सांगतात (2 इतिहास 20). मवाबी आणि अम्मोनी चालून आले. राजाने आधी देवाच्या सामर्थ्याचं वर्णन केलं आणि शेवटी कबूल केलं, की काय करावं हे आम्हाला कळत नाही, आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत. दुसऱ्या दिवशी सैन्यापुढे गाणारे चालले आणि शत्रू आपसांतच लढून संपले. गोष्ट खरी, पण तिच्यातून सूत्र काढणं चूक. एक तर गाणारे पुढे गेले ते विजयाचं वचन मिळाल्यानंतर. दुसरं असं, की पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, काढण्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. त्याला स्तुती कमी येत होती म्हणून तो राहिला, असं कोण म्हणेल?

उलट बाजूही पाहा. लूक 17 मधले दहा कुष्ठरोगी "येशू, गुरुजी, आमच्यावर दया करा" एवढंच ओरडले. दहाही बरे झाले. देवाचं गौरव करत परत आला तो एकटा शोमरोनी. येशूने "बाकीचे नऊ कोठे आहेत?" असं विचारलं खरं, पण त्या नऊ जणांचं बरेपण काढून घेतल्याचं लूक सांगत नाही. स्तुतीवाचून केलेली मागणीही ऐकली जाते. परत आलेल्याला मात्र बरेपणाहून जास्त काहीतरी मिळालं: तो येशूच्या पायांपाशी पोचला.

घरसभेत किंवा आजाऱ्याच्या खाटेजवळ स्तुतीला किती वेळ द्यावा?

घरसभेत एक-दोन गीतं आणि एक स्तोत्र पुरे. ज्या घरी सभा आहे त्या घरची माणसं आपल्या अडचणीसाठी थांबलेली असतात. त्यांची वेळ येईपर्यंत अर्धे लोक घड्याळ पाहू लागले, असं होऊ देऊ नका.

वॉर्डात तर फारच थोडक्यात. भेटीची वेळ संपत आलेली असते, शेजारच्या खाटेवर दुसरा आजारी असतो, नातेवाईक रात्रभर खाटेखाली सतरंजी टाकून जागलेला असतो. 121 वं स्तोत्र आठच वचनांचं आहे. हळू आवाजात वाचा. इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही आणि झोपीही जात नाही, हे त्यातलं वचन आजाऱ्याइतकंच त्या जागलेल्या माणसासाठीही आहे. मग आजाऱ्याचं नाव घेऊन दोन वाक्यांत मागा. 103 व्या स्तोत्रातलं रोग बरे करण्याचं वचन मरणपंथाला लागलेल्या माणसापुढे हमी दिल्यासारखं वाचू नका. मागे राहणाऱ्यांना ते फार काळ सलतं.

आम्ही कॅथलिक आहोत, आमच्या प्रार्थना ठरलेल्या असतात. आम्हाला हे लागू आहे का?

तुमच्याकडे हा क्रम आधीच बांधलेला आहे. आगमनकाळ आणि उपवासकाळ सोडला तर रविवारच्या मिस्सेत देवाच्या गौरवाचं गीत आधी होतं आणि श्रद्धावंतांच्या विनंत्या प्रवचनानंतर येतात. जपमाळेतली 'नमो मरिया' सुद्धा दोन भागांची आहे. पहिल्या भागात गाब्रिएल दूताचं अभिवादन आणि अलिशिबेचे शब्द, दुसऱ्या भागात आपली विनवणी. ठरलेले शब्द सवयीने पटकन म्हणून होतात, म्हणून पहिल्या भागावर क्षणभर रेंगाळा.

मराठीत ही परंपरा आहे का?

आहे, आणि जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' गोव्यात 1616 साली छापलं गेलं. सुमारे 11 हजार ओव्यांचा तो ग्रंथ सर्वसमर्थ देवबापाच्या नमनाने सुरू होतो. ग्रंथारंभी नमन ही मराठी कवींची रीतच होती, ती त्यांनी ख्रिस्ती भक्तीसाठी आपलीशी केली. पुढे 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग-भजनाच्या चालीत ख्रिस्ती गीतं दिली, ती महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत आजही गातात. गद्यात स्तुती जमत नसेल तर पाठ असलेलं एखादं भजन म्हणा आणि मग प्रार्थनेला लागा.

मुलांना हे कसं शिकवावं?

क्रम समजावून सांगू नका. झोपण्याआधी एवढंच विचारा: "आज देवाने केलेलं काय पाहिलंस?" मूल म्हणेल, हत्ती, पाऊस, आजीच्या घरची मांजर. तेच वाक्य देवाकडे वळवायला लावा: "देवा, तू हत्ती केलास." हे पोरकट वाटून दुरुस्त करायला जाऊ नका. 104 व्या स्तोत्रात रानगाढवं आहेत, करकोचे आहेत, देवाकडे भक्ष्य मागणारे सिंहाचे छावे आहेत आणि समुद्रात खेळणारा लिव्याथान हा अजस्र जलचरही आहे. त्यानंतर त्याला जे हवं ते मागू द्या, सायकल मागितली तरी अडवू नका.